उसन्या नाकाची साक्ष

देव आमच्या घरातून माझ्या जन्माआधीच गेले होते. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातले सगळे टाक एका टोपलीत घालून ते गोदावरीत सोडून आले. भिंतीतला कोनाडा रिकामा राहिला. त्यात पुढं रेडिओ आला, रेडिओ बिघडल्यावर बुद्धाची मूर्ती आली, आणि आईच्या म्हातारपणी मूर्तीशेजारी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आल्या. गोळ्या घ्यायला म्हणून ती रोज मूर्तीसमोर उभी राहायची. बाहेरच्या माणसाला ती प्रार्थनाच वाटली असती. आईला विचारलं असतं तर तिनंही कदाचित नाही म्हटलं नसतं.

सांगायचं एवढंच, की देव न मानणं ही माझी कमाई नाही. दुसऱ्याला वडिलांकडून शेत मिळावं तसं मला ते मिळालं. त्याच्या जोरावर मी नांदेडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. विद्यार्थी दुसऱ्या विषयांच्या जागा भरल्या की माझ्याकडं यायचे. शेवटच्या बाकावरच्यांना अद्वैताचा अनुभव बहुधा झोपेत येत असावा. निवृत्त झाल्यावर मला शाली मिळू लागल्या. आपल्याकडं माणूस विचार करायचा थांबला याची खात्री पटली की त्याच्या अंगावर शाल घालतात. माझ्याकडं इतक्या शाली जमल्या की बायकोनं त्यांच्या उशांचे अभ्रे शिवले. आता मी माझ्या सत्कारांवर डोकं ठेवून झोपतो.

सत्कार नसेल त्या दुपारी मी अत्तराच्या दुकानात जाऊन बसायचो. अजूनही बसतो. हे दुकान जुन्या नांदेडात, बांगड्यांच्या दुकानांच्या ओळीत आहे. दुकान म्हणजे फळ्यांचा एक ओटा, मागं भिंतभर बाटल्या आणि पुढं गादीवर माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे वडील तिथंच बसायचे, आजोबाही. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी मुतारीच्या वासानं हैराण व्हायचो, आणि त्याच्या कानात मात्र कायम अत्तराचा फाया असायचा. तेव्हापासून मला त्याच्या धर्माबद्दल थोडा मत्सर आहे.

त्या दुकानातल्या दुपारी वेगळ्या असतात. ऊन गल्लीत उतरतं, बाटल्यांमधून जातं आणि गादीवर पिवळे, तपकिरी, हिरवे ठिपके पडतात. गिऱ्हाईक येतं, मनगट पुढं करतं, डोळे मिटतं. अत्तर घेताना माणूस डोळे का मिटतो, हे मला शिकवता आलं असतं तर माझा वर्ग जागा राहिला असता. मोसंब्यांच्या गाड्यावर कुणी डोळे मिटत नाही. वास घेताना मात्र माणूस क्षणभर इथून निघून जातो, आणि परत येतो तेव्हा भाव करायला विसरतो.

अशाच एका दुपारी मित्रानं मला सांगितलं की त्याला वास येत नाही.

"कशाचा?"

"कशाचाच न्हाई. त्या बीमारीत गेला. सगळ्यांचा परत आला, माझा न्हाई आला."

ती साथ सरून तेव्हा दोन वर्षं होत आली होती. म्हणजे तेवढा काळ तो त्या गादीवर बसून, डोळे मिटून, मान डोलावून, ज्याचा वास येत नाही ते अत्तर विकत होता. मी रोज समोर बसत होतो आणि मला कळलं नव्हतं. निरीक्षण हा माझा धंदा, असं मी माझ्या प्रत्येक सत्काराला उत्तर देताना म्हणत आलोय.

"मग चालवतोस कसं?"

"बाटलीची जागा पाठ हाय. गिऱ्हाइकाचं तोंड बघतो. तोंड फुललं की म्हणतो, देखा, अस्सल है."

"घरी माहीत आहे?"

"बायकोला हाय. गॅस चालू राहिला होता एकदा, मी तिथंच बसून पेपर वाचून राहिलो होतो. ती बाहेरून आली, मग वरडली."

आणि इतके महिने झाकलेलं आज सांगायचं कारण असं, की आदल्या आठवड्यात त्याच्या हातून एक भयंकर चूक झाली होती. मुलाला दुकानात बसवून तो नमाजला गेला होता. मुलानं झाडताना दोन बाटल्यांची अदलाबदल केली. संध्याकाळी एका लग्नघरची माणसं आली. नवरदेवाच्या शेरवानीला, फेट्याला, घोड्याच्या गळ्यातल्या हारालासुद्धा मित्रानं स्वतःच्या हातानं अत्तर लावून दिलं. लावलं ते कापूर घातलेलं अत्तर. कफनाला लावायचं.

"वरातीबरोबर मी चौकापर्यंत गेलो," तो म्हणाला, "तेव्हा नवऱ्याची फुप्पी घोड्याजवळ आली. म्हणाली, अय्यो, पोराला मय्यतीचा वास का येऊन राहिला?"

"मग?"

"मी म्हणलो, खाला, दुबईचा नवा माल हाय. तिकडं अशीच फॅशन चालू हाय."

आम्ही दोघं हसलो. तो आधी थांबला.

"हसण्यासारखं हाय यार प्रोफेसर, पण ते पोरगं जिवंत राहू दे म्हणून मी आठ दिवस दुआ मागून राहिलोय."

मला प्रोफेसर म्हणायची त्याची ही चिडवायची रीत. मी कधीही प्रोफेसर नव्हतो, साधा अधिव्याख्याता म्हणून निवृत्त झालो.

खरी अडचण वरातीची नव्हती. औशाच्या पुढं, रस्त्यापासून आत, एका माळावर छोटा दर्गा आहे. तिथल्या उरुसाला संदल कालवायचा मान त्याच्या घराकडं, निजामाच्या काळापासून. उगाळलेलं चंदन, गुलाबपाणी आणि अत्तरं मोठ्या ताटात एकत्र कालवतात. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर ते ताट डोक्यावर घेऊन वाजतगाजत पीराच्या मजारीवर, म्हणजे कबरीवर नेतात आणि चंदनाचा लेप चढवतात. हे सगळीकडंच होतं. पण या दर्ग्याची एक रीत निराळी आहे. ताट कालवून झालं की कालवणाऱ्यानं वाकून वास घ्यायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं, "खुशबू आ गयी." तो तसं म्हणेपर्यंत दर्ग्याची सेवा करणारा मुजावर ताटाला हात लावत नाही. ही शब्दांची परवानगी मिळाली की ताट उचललं जातं.

"आता मी काय म्हणू?" मित्र म्हणाला. "पीराच्या दारात उभं राहून झूठी गवाही देऊ?"

मागची दोन वर्षं तो सुटला होता. पहिल्या वर्षी उरुस साधेपणानं झाला, दुसऱ्या वर्षी त्याची बायको दवाखान्यात होती. दोन्ही वेळा लातूरच्या चुलतभावानं संदल कालवला. आता चुलतभावाला ती सवय आवडली होती. तुझी तब्येत बरी नसते, मीच करत जाईन, असे त्याचे फोन सुरू झाले होते.

"देऊन टाक त्याला," मी म्हणालो. माझ्यासारख्या माणसाला मान सोडून देणं सोपं वाटतं. माझ्या घरात मानाची एकच गोष्ट होती, ती आजोबांनी टोपलीतून नेऊन सोडली.

"देईन. पण कारण काय सांगू? नाक गेलं म्हणलो तर दुकान बसलं. न्हाई सांगितलं तर झूठ. आणि अब्बा मरताना म्हणले होते, दुकान विक, संदल सोडू नको."

मला माझा वर्ग आठवला. आपल्या जुन्या तर्कशास्त्रात पृथ्वी कशी ओळखायची हे सांगितलंय. जिच्यात गंध असतो ती पृथ्वी. पाण्याला रस, तेजाला रूप, वायूला स्पर्श आणि मातीला गंध. मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आणि पुसलं. पण गंध गेलेल्या माणसाची पृथ्वी कुठं जाते, हा प्रश्न मला कधी पडला नाही, आणि वर्गातही कुणाला नाही. समोर बसलेला माझा मित्र मला एकदम थोडा वर तरंगत असल्यासारखा दिसला. त्याच्या हातातली बाटली, गादी, गल्लीतला उन्हाचा पट्टा, सगळं होतं तसंच होतं, पण त्याच्यासाठी ते जणू काचेपलीकडं होतं.

"तू चल," तो म्हणाला.

"मी?"

"तू हुंग. तू मला सांग, आला का न्हाई. तू हाव म्हणला की मी म्हणतो. मग झूठ नाही होत ते."

"अरे, मी पीर मानत नाही."

"तुला मानायला कोण सांगून राहिलंय? नाक आण फक्त."

बौद्ध तर्कपंडितांनी खऱ्या ज्ञानाची साधनं दोनच मानली. स्वतः अनुभवलेलं, आणि त्यावरून अनुमानानं काढलेलं. दुसऱ्याच्या शब्दाला त्यांनी वेगळं साधन मानलं नाही. मी त्याला हे सांगितलं. मला वाटलं विषय संपेल.

"तुमचं तसं असेल," तो म्हणाला. "आमचा मजहबच गवाहीनं सुरू होतो. कलमा म्हणजे दुसरं काय हाय? मी गवाही देतो. म्हणून तर झूठी नको."

मी येतो म्हणालो. यावरचं उत्तर खुर्चीत बसून द्यायचं होतं.

उरुसाच्या दिवशी सकाळी आम्ही लातूरची एसटी धरली. थंडीचे दिवस होते. मित्रानं बाटल्या रुमालात गुंडाळून पिशवीत भरल्या आणि पिशवी माझ्या मांडीवर दिली. सांभाळ म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

लोह्याच्या पुढं बसमध्ये काहीतरी व्हायला लागलं. एकेक माणूस गप्प झाला. दोन बाया मोठ्यानं कुणाच्यातरी सोयरिकीची चिरफाड करत होत्या, त्यांचा आवाज उतरला आणि पुढं त्या नुसत्याच एकमेकींकडं बघत राहिल्या. रडणारं एक मूल निजलं. खिडकीबाहेर तुरी काढलेली रानं, मधेच हिरवी ज्वारी, दूर धुरकट टेकड्या, आणि आत सगळ्या बसवर एक जड, गोड, उबदार काहीतरी पसरलेलं. मला दुकानातली दुपार आठवली, त्याच्या आधीची शाळा, त्याच्याही आधीचं कुठलंतरी घर, जे आमचं नव्हतं. त्या घराच्या अंगणात मी उभा होतो आणि कुणीतरी आतून मला माझ्या नसलेल्या नावानं हाक मारत होतं. मी ओ दिली. ते स्वप्न होतं हे मला स्वप्नातच माहीत होतं, तरी मला त्या घरात जायचंच होतं. शंकेखोर माणसाचीही झोप भाविक असते.

"कुणाचं लगीन हाय?" कंडक्टर विचारत होता.

"कुणाचंच नाही."

"मग एवढा घमघमाट?"

मी पिशवीत हात घातला. एका बाटलीचं बूच सैल राहिलं होतं. रुमाल भिजला होता, पिशवी भिजली होती, माझी विजारही. मित्रानं बूच बसवलं होतं, पण ते नीट बसलंय का हे तो आधी नेहमी नाकानं तपासायचा. मी त्याला उठवलं नाही. बूच घट्ट केलं आणि पुन्हा त्या घराच्या अंगणात जायचा प्रयत्न केला. ते मिळालं नाही.

लातूरहून आम्ही जीपनं औशाकडं निघालो. दर्ग्याच्या फाट्यावर मोठा फ्लेक्स होता. त्यावर दर्गा अंगठ्याएवढा आणि चुलतभाऊ माणसाएवढा. डोळ्याला काळा चष्मा, हात जोडलेले, खाली त्याच्या मित्रमंडळातल्या लोकांच्या चेहऱ्यांच्या गोल चकत्या. पीराचं नावही होतं, पण फ्लेक्स बांधणाऱ्यानं दोरी नेमकी त्याच्यावरून नेली होती.

"बघ," मित्र म्हणाला, "त्याला गवाहीची गरज न्हाई. फोटो हाय."

दर्ग्याचं आवार लिंबाच्या झाडाखाली होतं. एका बाजूला बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, नवसाच्या कोंबड्या मांडीत धरून. यात लुगडी होती, बुरखे होते, टिकल्या होत्या. कुणी कुणाला जात-धर्म विचारत नव्हतं. सगळ्यांची गुडघेदुखी एकच होती. डफवाले शेकोटीवर डफ तापवत होते. आम्ही पोचलो तेव्हा मुजावर लोबानाचा धूर करत होता. वय झालेला, पातळ दाढीचा, सतत घाईत असलेला माणूस. सगळे त्याला चाचा म्हणत.

"उशीर केला," चाचा म्हणाला. "उन्हं कलली."

चुलतभाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला आणि मित्राला मिठीत घेऊन म्हणाला, "भाईजान, तुम्ही बसा आरामात. मी करतो."

"करतो मीच."

"तब्येत..."

"तब्येत बरी हाय."

मित्र मांडी घालून बसला. चंदन उगाळून ठेवलेलं होतं. त्यानं गुलाबपाणी घातलं, बोटांनी कालवलं, मग एकेक बाटली. मी शेजारी बसलो. माझी ओळख त्यानं नांदेडचे प्रोफेसर अशी करून दिली आणि लोकांनी मला लगेच सतरंजी दिली. त्याचे हात बघत राहावे असे होते. किती घालायचं हे त्या हातांना ठाऊक होतं. केवडा, हिना, गुलाब, मग अगदी शेवटी ऊद, थेंब थेंब. चंदनाचा लगदा गुळगुळीत होत गेला, सायीसारखा. मला वाटलं, मी या क्षणाला विरोध करायला काहीच आणलेलं नाही.

मग त्यानं ताट माझ्याकडं सरकवलं, कुणाला कळणार नाही असं, आणि खाली मान घालून हळूच विचारलं, "आला?"

मी वाकलो. श्वास घेतला. काहीच नाही.

पुन्हा घेतला. ताटात चंदन होतं, चार प्रकारची अत्तरं होती, आणि माझ्या नाकात नुसती हवा होती. सकाळपासून मांडीवर सांडलेलं अत्तर, वरून लोबानाचा धूर. नाक भरून गेलं होतं, आणि भरलेल्या नाकाला नव्या वासाची जागा नव्हती. हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त एवढं कळलं की बसमध्ये सगळ्यांना आलेला वास मला फाट्यापासूनच येत नव्हता, आणि मी ते लक्षातही घेतलं नव्हतं.

"बोल ना," तो पुटपुटला.

हो म्हणणं सोपं होतं. मी पीर मानत नाही, ताट मानत नाही, साक्षीचं पाप मानत नाही. खोटं बोलायला त्या आवारात माझ्याइतका मोकळा माणूस नव्हता. पण त्यानं माझं नाक मागितलं होतं, माझी दया नाही.

"मला काही येत नाही," मी म्हणालो. "नाक बंद झालंय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो दुकानात गादीवर बसतो तसा ताठ बसला, आणि वर मान करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चाचा, मला वास येत न्हाई. दोन वर्षं झाली. बीमारीत गेला."

डफवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. एक कोंबडी ओरडली. चुलतभाऊ तर वाटच पाहत होता.

"मी म्हणत होतो ना? तब्येत. सरका भाईजान, मी बघतो." त्यानं वाकून वास घेतला, डोळे मिटले, फ्लेक्सवरच्यासारखा चेहरा केला. "कमी हाय. माझ्याकडं एक बाटली हाय, बाहेरची. ती घालू."

"थांब रे," चाचा म्हणाला. मग मित्राकडं वळून, अगदी साध्या आवाजात, "मला तरी कुठं येतो? लोबान फुंकून फुंकून कवाच गेलं नाक."

"तुम्हाला येत न्हाई?"

"न्हाई. आणि तुझ्या अब्बाला पण शेवटी शेवटी न्हवता येत. एवढी तपकीर ओढायचा माणूस, त्याचं नाक ऱ्हाईल का?"

मित्राचे हात चंदनात होते, ते तसेच राहिले.

"मग अब्बा... खुशबू आ गयी म्हणायचे ते?"

"म्हणायचे."

"झूठ म्हणायचे?"

"ते मला काय म्हाईत?" चाचा आता खरोखरच वैतागला होता. "मी इचारायचो, हो गया? ते म्हणायचे, खुशबू आ गयी. मी ताट उचलायचो. तुझ्यासारखी चौकशी कुणी केली न्हाई कधी. मगरिबच्या नमाजची वेळ व्हायला आली इथं."

आम्ही भोवती, ताट मधे. एकाला वास येत नव्हता कारण तो आजारी होता, दुसऱ्याला कारण तो तिथला सेवक होता, मला कारण मी मदतीला आलो होतो, आणि ज्याला येत होता त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. तत्त्वज्ञानाच्या तासाला हे उदाहरण मी दिलं असतं तर विद्यार्थ्यांनी ते रचलेलं आहे म्हणून सोडून दिलं असतं.

तेव्हा भिंतीकडून एक बाई बोलली. कपाळावर मोठं कुंकू, मांडीत तांबडी कोंबडी, आवारात सगळ्यांत लांब बसलेली.

"अवो, कवाचा वास येऊन राहिलाय की! इथवर आलाय. तुमी कशाची वाट बघून राहिले?"

"खरंच येतोय का?" चाचानं विचारलं.

"मी काय खोटं सांगू का कोंबडी घेऊन?" ती म्हणाली. तिच्या शेजारची बुरख्यातली म्हातारी म्हणाली, "हौ, आयला है. लई मस्त." मग भिंतीपासच्या सगळ्याच बोलायला लागल्या. एकीला तो गुलाबाचा वाटत होता, दुसरीला चंदनाचा. वाद सुरू झाला.

सगळे मित्राकडं बघत होते. अजून ते वाक्य त्यानंच म्हणायचं होतं. चाचा ताटाजवळ हात नेऊन थांबला होता. मी मित्राच्या चेहऱ्याकडं बघत होतो, आणि मला खात्री होती की तो ते म्हणणार नाही, आणि मान गेला.

तो उठून उभा राहिला. चंदनाचे हात पुढं धरले, आणि म्हणाला, "लोगां बोलते, खुशबू आ गयी."

चाचानं क्षणभर विचार केला. मला वाटतं तो धर्माचा नव्हता, उन्हाचा होता. "चलता," तो म्हणाला आणि ताट उचलून मित्राच्या डोक्यावर दिलं. डफ वाजायला लागले.

चुलतभावानं मागून कुणालातरी सांगितलं की रीत मोडली, हे चालायचं नाही, कमिटीत बोलावं लागेल. बोलला असेल. पण तेव्हा सगळे पुढं निघाले होते आणि त्यालाही ताटाच्या जवळ राहायचं होतं, फोटो निघत होते.

मी मजारीपर्यंत गेलो नाही. आवाराच्या बाहेर दगडावर बसून राहिलो. सूर्य औशाच्या बाजूला खाली गेला होता. माळावरची कुसळं तांबूस दिसत होती, आणि आतून डफांचा आवाज कधी जवळ, कधी लांब येत होता. खरं काय आणि मानलेलं काय, हे वेगळं करण्यात माझी नोकरी गेली. त्या संध्याकाळी मला ते वेगळं करता येत नव्हतं, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. शेकडो वर्षं माणसं त्या ताटामागं चालत आली असतील. त्यांतल्या किती जणांना वास आला असेल आणि किती जण पुढच्याच्या पाठीकडं बघून चालले असतील? आणि पुढच्यानं तरी काय पाहिलं असेल? हे आमच्या विहारालाही लागू आहे, माझ्या वर्गालाही. पण मित्राला हा प्रश्न एकाच माणसापुरता पडला होता.

तो बाहेर आला तेव्हा दिवे लागत होते. हाताला चंदन वाळलं होतं. शेजारी बसला.

"अब्बा झूठ बोलले का रे?"

"मला नाही माहीत."

"प्रोफेसर हाय ना तू?"

"नाही. कधीच नव्हतो."

त्यानं हातावरचं वाळलेलं चंदन नखानं खरवडलं. "त्यांना तरी कुणी सांगत असेल. अम्मी जायची बरोबर. भिंतीपाशी बसायची." त्यानं हात झटकले. "आता कुणाला विचारू? अम्मी बी न्हाई."

हे उत्तर त्याचं त्यानंच काढलं होतं. त्यानं ते स्वतःच ठेवून घेतलं, पूर्ण पटलेलं नाही अशा तऱ्हेनं. काही गोष्टी माणसं अशीच ठेवतात.

"पुढच्या वर्षी येशील?" मी विचारलं.

"येईन. असंच म्हणीन. चाचाला चालतंय. त्या कोंबडीवाल्या बाईला सांगून आलोय, पुढच्या साली बी बसा."

"आणि दुकान?"

"दुकानात पण सांगतो आता. म्हणीन, मला येत न्हाई, तुम्ही घेऊन बघा. झालं तर झालं. न्हाई तर मुलगा म्हणतो मोबाईलचं टाकू."

तेवढ्यात आतून चाचा आला, तशाच घाईत, आणि आम्हा दोघांच्या ओंजळीत मलिदा टाकून गेला. चपातीचा चुरा, गूळ, तूप, वेलदोडा. मित्रानं घास घेतला आणि चावत राहिला, खूप वेळ, समोर अंधाराकडं बघत. त्याला तुपाचा वास येत नव्हता, वेलदोड्याचा येत नव्हता. पण गोडी जिभेची असते, नाकाची नाही.

"गोड हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "हे मी माझ्या स्वतःच्या गवाहीवर सांगून राहिलो."